पालथ्यावर सुलटं

दहा अंशांच्या खाली हा गोंद धरत नाही,
डब्यावर तसं छापलंय.
गिमलीत मे महिन्याची बारा तारीख,
तळ्याच्या कडेला अजून बर्फाची मळकी किनार,
आणि वाल्डीमामा शेडच्या दारात थर्मामीटर घेऊन उभा,
आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा.

बोटीतलं जुनं कार्पेट कालच खरवडून काढलं.
त्यात निघाले सात गळ,
पिकरेलचे खवले, वाळलेल्या नखांसारखे,
एक कानातला डूल. कुणाचा, ते मामानं सांगितलं नाही.
खाली प्लायवूड, चहात बुडवलेल्या पावासारखं.
तेही बदललं.

एकतीस वर्षं मामानं विनिपेगमध्ये कार्पेटं बसवली,
विमा कंपन्या, दवाखाने, एक आख्खं न्यायालय.
गुडघ्यानं ढकलायचं ते अवजार आता खुंटीवर,
गुडघे तेवढे त्याच्याकडे राहिलेत.

साडेअकराला पारा दहावर.
नवं कार्पेट पालथं पसरलं,
त्यावर जुनं ठेवलं, सुलटं.
मामानं कडेकडेनं खडू फिरवला,
माशांच्या टाकीचं भोक, बॅटरीचं झाकण,
आणि सुरी लावली.

टाकीपाशी माझ्या लक्षात आलं.
पालथ्यावर सुलटं.
वाक्य ओठांपर्यंत आलं, गिळलं,
कारण हिवाळाभर बशीत कॉफी सांडणारा तो हात
खडूच्या रेघेवरून सरळ चालला होता,
जराही न हलता.

तुकडा उचलून बोटीत टाकला,
तर सगळं आरशातलं.
मामा बघत राहिला. आइसलँडिकमध्ये काहीतरी पुटपुटला,
जे मला अर्धंच कळतं.
मग म्हणाला, "तुला कधी दिसलं?"
"टाकीपाशी."
"मला बॅटरीपाशी."
"मग थांबला का नाहीस?"
"सुरी छान चालली होती गं."

दुसरा तुकडा मी कापला. दोन्ही पालथे ठेवून.
त्यानं गोंद फासला, मी रूळ फिरवला,
मधून कडेला, मधून कडेला,
अडकलेली हवा फुगे फुगे होऊन पळत राहिली.

चुकलेला तुकडा गुंडाळून आढ्याला टांगलाय.
जानेवारीत तळं गोठलं की
बर्फावरच्या झोपडीत अंथरायचा.
"खालून बघणाऱ्या माशाला," मामा म्हणतो,
"तो बरोबरच वाटेल."

रात्री पारा सहावर उतरला.
मी खिडकीतून पाहिलं, मामा टॉर्च घेऊन बाहेर,
नाळेवर आपला थंडीचा कोट पांघरत होता.
तिथला एक कोपरा अजून
सुटा होता.