तुटलेली तार

पहाटे पावणेचारला खाती बंद पडली.
आधी चिलवेरींच्या टॉवेलांचं,
मग त्याला लागून महानंदाबाईंची शेंगाचटणी,
मग जुळे सोलापुरातला दातांचा दवाखाना,
ज्याची जाहिरात आठवड्यातून एकदा, तीसुद्धा दोनशे रुपयांची.
सकाळपर्यंत अकराच्या अकरा.

कारण : संशयास्पद हालचाल.
कुणाची, ते लिहिलेलं नाही.

एक खोली, एक वायफाय,
माझ्याच कार्डावरून सगळ्यांचे पैसे.
अशोक चौकात याला सांभाळून घेणं म्हणतात.
तिकडे टोळी म्हणत असतील.

अपील केलं.
चार मिनिटांत उत्तर : तपासलं, निर्णय कायम.
चार मिनिटांत आमच्याकडे चहा उकळत नाही.
बहिणीच्या नावाने नवं खातं काढलं,
दुपारी तेही गेलं.
ती विचारते, मी काय केलं रे?

खाली नायनांचे दोन माग उरलेत.
तार तुटली की माग आपोआप थांबतो.
ते वाकतात, हजारो तारांत बोट फिरवतात,
थुंकी लावून गाठ मारतात,
खटका ओढतात.
विचारलं, सापडलीच नाही तर?
"सापडतंय की. माग उगाच थांबत नाही."

वर आलो. महानंदाबाईंचे सात मिस्ड कॉल.
आठवा घेतला.
सणाची ऑर्डर, शेंगा भाजून ठेवलेल्या, सगळं सांगून झालं,
मग जरा थांबून, हळूच :
"तुझं नाव काढलं तर चालू होईल का रे?"

होईल, म्हणालो.
खाली माग सुरू झाला होता.
त्यांना फोनमधून ऐकू गेला असेल.