मापाड्याचं ताट

एकतीस वर्षं कळमन्याच्या यार्डात
मी दुसऱ्यांचं वजन केलं.
तूर, हरभरा, सोयाबीन, आंबिया बहाराचा संत्रा.
पोतं काट्यावर, डोळा काट्यावर,
शालिक हमालाची हाळी, "बोला भाऊ, किती?"
आणि मी बोललो की तेच वजन.
कोणी वाद घातला नाही.

आता माझंच निघालं ब्याण्णव किलो.
मेडिकल चौकातल्या नंदेश्वर मॅडमनं
आकडा असा वाचला
जसा ओल्या सोयाबीनचा ओलावा वाचतात,
भाव पाडायच्या आधी.

"प्रोटीन किती खाता?"
म्हटलं, मॅडम, हजारो क्विंटल तूर गेली या हातांतून.
"पोटात किती गेली?"
मी गप्प.

मग त्यांनी कागद ओढला.
प्रथिनाचा एक ग्रॅम, चार कॅलरी.
भात-पोळीतल्या कर्बाचाही चार.
तेलातुपाचा, नऊ.
हे मात्र लगेच कळलं.
वजन तेच, भाव वेगळा.
एवढंच होतं तर आधी काहून नाही सांगितलं कोणी?

घरी आला इवलासा काटा, बॅटरीवरचा.
ओट्यावर ठेवला तर बेबीनंदा म्हणाली,
"आता काय सोनं जोखता?"
भात शंभर ग्रॅम. वाटीच्या काठाले लागेना.
चार पोळ्यांच्या दोन.
वरण मात्र घट्ट, दोन वाट्या,
उकडलेली अंडी, ताक, काकडी पाहिजे तेवढी,
आणि तेल दिवसाचं चार चमचे.
चार चमचे!
आमच्याकडं वांग्याच्या भाजीले
तेवढं तर कढईच पिऊन टाकते.

पहिल्याच आठवड्यात लबाडी पकडली.
जवसाच्या चटणीचा चमचा शीग लावून घेतला,
वहीत लिहिला सपाट.
शेंगदाणे मोजायच्या आधी
पाच-सहा तोंडात गेले, त्यांची नोंदच नाही.
यार्डात याले कडता म्हणतात.
कडता कापणारे किती पाहिले मी,
पारड्यावर अंगठा कुठं टेकतो
ते लांबून ओळखतो.
हा अंगठा माझा होता.

रविवारी गोकुळपेठेत पोहेवाल्याले म्हटलं,
तर्री नको, तर्रीतले चणे दे.
तो झारा हवेत धरून पाहतच राहिला.
"काकाजी, तर्रीशिवाय चणे म्हणजे
नवरदेवाशिवाय वरात."
दिले पण. निथळून, लाल तेल मागं ठेवून.
खोटं कशाले बोलू,
तेलाची फार आठवण आली.

तीन महिन्यांत सहा किलो गेले.
पट्ट्याले नवं भोक पाडलं.
शालिक म्हणे, "भाऊ, एवढी तूट! पंचनामा करू का?"

पण सांगायचं ते हे नाही.

एका रात्री काटा चालूच राहिला होता.
बेबीनंदा जेवायला बसत होती, सगळ्यांच्या मागून,
तिथंच ओट्यापाशी.
गंमत म्हणून मी तिचं ताट उचललं.
सकाळचा भात, दोनशे ऐंशी.
लोणच्याचा खार.
आणि वाटीत वरणाचं वरचं पाणी.
खालची डाळ माझ्या वाटीत आली होती,
प्रथिनं म्हणून.
चमच्यानं निथळून तिची डाळ मोजली,
अकरा ग्रॅम.

"किती भरलं?" तिनं विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मले आकडा बोलता आला नाही.

आता नंदेश्वर मॅडमकडं आमची दोन कार्डं आहेत.
माझा आकडा उतरायचा, तिचा चढायचा,
आणि डाळीचा डबा महिना पुरत नाही.
बेबीनंदाले अंड्याचा वास सोसत नाही.
नाक दाबून पांढरं तेवढं गिळते,
पिवळं माझ्या ताटात सरकवते,
"तुमचं नऊवालं तुमच्यापाशीच ठेवा."

मी खातो.
वहीत लिहीत नाही.