आधणाची वेळ

आमच्या जिन्याला आता चाकं फुटलीत.
रात्री-अपरात्री पर्यटकांच्या बॅगा
खडखडत चढतात, खडखडत उतरतात.
खालच्या मजल्यावरच्या दोना पेर्पेतुआ गेल्या,
त्यांच्या दाराला आकड्यांचं कुलूप आलं.
मग मालकाचं पत्र. सभ्य. दीड पानाचं.
एका ओळीत मार्चअखेर,
उरलेल्या पानात आभार.

अन्सेल्मोनं विजेच्या बिलामागे रेघा मारल्या.
गाव. भाडं. पास. मिनिटं.
पहिली सुटते किती वाजता, शेवटची किती वाजता.
त्याची बेकरी पहाटे सहाला उघडते,
माझं इस्पितळ मला रात्री अकराला सोडतं.
बारा वर्षांच्या संसारात
आम्ही एकमेकांना बहुतेक झोपलेलंच पाहिलंय.

पहिल्या रविवारी कासेम.
सातवा मजला, लिफ्ट चालू, भिंती कोरड्या,
समोर आणखी एक सातवा मजला.
एजंट पोरगेला, बूट चकचकीत.
मिनिटं सांगताना तो "फक्त" म्हणायचा
आणि भाडं सांगताना खोकायचा.
नाव ठेवायला जागा नव्हती.
त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या रविवारी मोंतिजो.
खांबाखांबांवर करकोच्यांची घरटी,
त्यांना भाडं नाही, पास नाही.
अन्सेल्मो हरखला.
पण बोटीचा धक्का गावाबाहेर,
आणि धक्क्यावर उतरल्यावर
बसची वाट बघत करकोचे मोजायचे.
मी नव्वदपर्यंत गेले. त्यातले काही दोनदा मोजले असतील.

बारेरोला जायचंच नव्हतं.
बंद कारखान्यांचं गाव, गंजाच्या रंगाचं.
म्हणे हवेला अजून गंधकाचा वास येतो.
मला आला नाही. अन्सेल्मोला आला.
घरमालक बेलार्मिनो, वय ब्याऐंशी,
त्यांनी न्हाणीघर दाखवलं नाही (ओल होती, नंतर कळलं),
झोपायची खोली दाखवली नाही,
थेट स्वयंपाकघरात नेलं, खिडकीपाशी.

"इथून बोट दिसते.
मधल्या खांबाशी दिवा आला की
ती आधण ठेवायची.
मी धक्क्यावर उतरणार, कोपऱ्यावर एक सिगारेट ओढणार,
तीन जिने चढणार,
तोवर बटाटे शिजलेले."
"आणि सिगारेट नाही ओढली तर?" अन्सेल्मोनं विचारलं.
"तर कच्चे खायचे."

परतीच्या बोटीत आम्ही भांडलो.
कासेमपेक्षा चाळीस युरो जास्त,
वर ओल, वर गंज.
मी भिंतींच्या बाजूनं, तो खिडकीच्या.
बिलामागे खिडकीला रकानाच नव्हता,
त्यानं समासात एक चौकोन काढला, आत काही लिहिलं नाही.
तेजो नदी त्या दिवशी अगदी सपाट होती,
इस्त्री केल्यासारखी.
मला तिचा राग आला.

एप्रिलपासून आम्ही इथं आहोत.
तो नऊला झोपतो, गजर लावून सव्वाअकराला उठतो,
दिवा बघतो, पातेलं चढवतो.
मी वर येते तेव्हा सूप उकळत असतं
आणि अन्सेल्मो जागा असतो.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
आम्ही बोलतो असंही नाही.
तो मीठ सरकवतो, मी चपला काढते.

परवा धुकं उतरलं.
बोट रांगत निघाली, भोंगा वाजवत,
नदीच्या मध्यात थांबली, पुन्हा रांगली.
डेकवर एक बाई फोनवर कुणाला तरी
"दिसतंय का, दिसतंय का" विचारत होती.
माझा फोन मेलेला.
गाव कुठल्या बाजूला आहे तेही कळेना.

जिना चढले तेव्हा एक वाजून गेला होता.
खिडकीच्या काचेवर कपाळाचा तेलकट डाग.
पातेल्यात तीन वेळा आटून
तीन वेळा भरलेलं पाणी, त्याच्या कडा कडेला दिसत होत्या.
गॅस बंद. तो टेबलावर डोकं टेकून झोपलेला.
बटाटे अर्धे कच्चे.

तसेच खाल्ले.