सोडपत्र

वडगावात दोन खोल्या, मागं न्हाणी.
"ओळखीचा माणूस, वकील कशाला?" हे म्हणाले.

हुद्दार वकिलांनी कागद मागवले,
तीस वर्षांचा बोजा, त्यामागची वाटणी;
कानडी ओळीवर बोट ठेवून
मराठीत सांगत गेले मला,
चहा निवेस्तोवर.

"तुमची फी नेमकी कशाची?"
"न लिहिलेलं वाचायची."

विकणाऱ्याला एक बहीण होती, मल्लव्वा.
वाटणीत नाव नाही. सोडपत्रही नाही.

बैलहोंगलला गेलो.
"भावाकडं पैसे मागा, हक्क आहे," वकील म्हणाले.
तिनं चष्मा पुसला, सही केली
शाळेतल्यासारखी, सुटी सुटी अक्षरं.

मग मलाच विचारलं,
"न्हाणीमागं अबोली हाय काय गे अजून?"

मी तिथं बघितलंच नव्हतं.