समासातली नावं

आमच्या कॉलेजात ती एकच प्रत आहे,
पाठीला चिकटपट्टी, पोटात कसरीची गल्ली.
साडेतीनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता :
हद्दपारीतून परतलेला एक राजा,
लेकरं गावभर, गादीला वारस नाही.
एक देखणा पोरगा, त्याला गादीची घाई.
आणि पोराच्या कानाशी लागलेला एक हुशार माणूस.

कवीनं नावं धर्मग्रंथातून उसनी घेतली.
हे रूपक, मी सांगतो. वर्ग पंख्याकडे बघतो.
शेवटच्या बाकावरून अकिवाटे म्हणतो
(बाप सांगलीच्या यार्डात हळदीचा तोलाईदार) :
"म्हणजे रुमाल, सर.
खाली बोटं बोटांशी भाव बोलतात,
वर दोघं एकमेकांच्या तब्येती विचारतात.
संध्याकाळी सगळ्या पेठेला भाव ठाऊक,
आणि बोललं तर कुणीच नसतं."
अठ्ठावीस वर्षं मी हे शिकवतोय.
इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

समासात पेन्सिलीनं नावं आहेत.
लंडनातही तेव्हा लोक कडेला लिहायचे म्हणे,
हा म्हणजे तो, तो म्हणजे अमका.
आमच्या प्रतीत राजाशेजारी
कारखान्याचे चेअरमन,
ते खोडून बँकेचे,
ते खोडून आमच्या संस्थेचे.
खोडून खोडून कागद इतका झिजलाय
की राजातून पलीकडचं पान दिसतं.
पोराशेजारी पुतणे, जावई, एक भाचा.
भाच्याला मीच नापास केला होता.

बाजार समितीची निवडणूक लागली
तेव्हा अध्यक्षांनी बोलावलं.
"तुमच्या पुस्तकात आमचं नाव आहे म्हणे?"
पेन्सिलीनं आहे, मी म्हणालो.
"राजाच ना?"
राजाच.
"मग शाईनं करा की."

आणि एक भाषण मागितलं,
पुतण्याला लागेल असं, नाव न घेता.
दिलं.
कोपऱ्यावरच्या सभेत टाळ्या पडल्या,
मी मागच्या खुर्चीत चहा पीत होतो.

काल प्रत परत करायला गेलो.
ग्रंथपाल उपळावीकरबाईंनी शिक्का उचलला,
ठेवला,
पान उघडून माझ्याकडे सरकवलं.
त्या हुशार माणसाशेजारी
शिसं अजून चमकत होतं.
माझी आद्याक्षरं.
अक्षर अकिवाटेचं, त्याचे पेपर तपासलेत मी.

बाईंनी न बोलता खोडरबर पुढे केलं.
मी त्या जागेवरून अंगठा फिरवला :
कागद जाड, गुळगुळीत,
चाळीस वर्षांत एकदाही न खोडलेला.
या ओळीला आजवर माणूसच मिळाला नव्हता.