सराफ्यातला केर

नकाशात तिचं नाव अजून सुवर्णरेखा.
लष्करातली माणसं नुसतं नाला म्हणतात
आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतात.

मी भूगर्भशास्त्र शिकले, म्हणून मला विचारत:
होतं का हो खरंच सोनं तिच्यात?
मी सांगायचे, किल्ला वालुकाश्माचा,
कुठल्याशा उथळ पाण्यानं अंथरून ठेवलेली वाळू.
त्याच्या खाली लाल, लोखंडानं माखलेले थर.
सोन्यानं मुक्काम करावा असं काही मला तरी दिसलं नाही.
नाव ठेवणाऱ्यानं उतरतं ऊन पाहिलं असेल पाण्यावर.

इतकं सांगून थांबायचे. म्हणजे अर्धंच सांगायचे.

कारण आमच्या गल्लीत, पेढ्यांच्या मागच्या अंगाला
एक खाण चालू होती,
आणि तिला दार नव्हतं.

दादांची कानस चालायची तेव्हा सोनं उडायचं.
दिसायचं नाही. बसायचं भुवईत,
सदऱ्याच्या शिवणीत, बागेसरीच्या राखेत.
दादा हात धुवायचे ते पाणीसुद्धा मडक्यात साठे.
दिवाळीनंतर वर्षाचा केर विकायचा,
तो घ्यायची रमजानी.
बाजार तिला न्यारिया म्हणे,
दादा घरच्या बोलीत झारेकरीण.

मडक्याला चुकलेलं सगळं गटारात जाई.
तिथंही तीच. पहाटे चारला,
गुडघाभर काळ्या पाण्यात, लाकडी काथवट घेऊन.
बन्सी हलवायाच्या ओट्यापाशी गटार वळतं,
तिथं वळणाच्या आतल्या बाजूलाच ती बसायची.
मी विचारलं, इथंच का?
म्हणाली, "यहाँ पानी थक जाता है, बेटी."

पुढं सागरला, दुसऱ्या वर्षाला,
सरांनी फळ्यावर नदीचं वळण काढलं,
आतल्या काठाला खडूनं ठिपके दिले:
वेग मंदावतो, जड कण खाली बसतात.
मला हसू आलं. वर्गाबाहेर काढलं मला.

त्या गटाराचा छेद मी मनात कितीदा घेतलाय.
वर जिलबीच्या भट्टीची राख.
मग कोळसा, काचेचा चुरा, तांब्याचा कीस.
मग काळी रेती, लोहचुंबकाला लगटणारी.
अगदी तळाला, फरशीच्या भेगेत,
पिवळं. गुंजभर, कधी तेही नाही.
पारा त्याला गोळा करी, गोवरीची आच पाऱ्याला उडवून लावी,
आणि रमजानी तोंडावर पदर धरून खोकत राही.

एक थर मात्र वांझ आहे.
चौदा कॅरटचं वर्ष. मी आठ वर्षांची.
कायदा आला, कानस थांबली,
दादा पितळेच्या चाव्या घासायला लागले
आणि रस्त्याकडं पाठ करून बसायला लागले.
दिवाळी झाली. रमजानी आली.
दादा म्हणाले, या खेपेला केरात काही नाही.
तिनं मूठभर उचलला, तळहातावर पसरला,
ओलं बोट फिरवलं. तिला तर
आमच्या सगळ्यांआधी ठाऊक असणार.
मग पोत्यात भरला नेहमीसारखा,
सव्वा रुपया उंबऱ्यावर ठेवला, आणि गेली.

दादा त्या नाण्यांकडं बघत राहिले.
आईनं दिवा लावला तरी उठले नाहीत.

आता दागिने घडूनच येतात, डबीत बसून.
गटारावर झाकणं आली. नाल्यालाही
दोन्ही बाजूंनी सिमेंट घालून सरळ केलाय,
थकायला जागाच ठेवली नाही पाण्याला.

माझ्या कपाटात नमुन्यांच्या पेट्या आहेत:
अभ्रक, गार्नेट, कुठली कुठली गारगोटी.
एका कुपीत काळी रेती, तिच्यात दोन ठिपके.
चिठ्ठी मी नियमानं लिहिली आहे.
ठिकाण: सराफा, लष्कर, ग्वाल्हेर.
साठा: प्रवाहाच्या वळणाची आतली बाजू.
मूळ खडक: नाही.
संग्राहक: रमजानी,
आणि पुढं जागा मोकळी,
आडनाव आमच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं.