गुरेझाचं पान

कडा भिंतीसारखा उभा. माथ्यावर मठ.
वर जायला एकच वाट, वरून सोडलेला कातडी दोर.
बाईनं तो धरायचा नाही.
शेळीला बांधायचं नाही, कोंबडीलाही नाही;
मादी म्हणून जे जन्मलं ते खालीच.

सात वर्षांचा माझा सर्झा
गाठोड्यासारखा बांधून ओढून घेतला त्यांनी.
जाताना त्यानं खाली पाहिलं नाही.
बरं केलं.
मागाहून टोपलीतून त्याचं घोंगडं गेलं.

मग दर साली मठाचा माणूस यायचा कातडी मागायला.
एका मोठ्या पोथीला शंभरावर शेळ्या लागतात
असं सांगायचा, धान्याचं माप सांगावं तसं.
बदल्यात मिठाची एक वीट.
मी विचारायची, पोरगा कसा आहे?
तो म्हणायचा, अक्षर चांगलं आहे.

टोळ आले त्या वर्षी टेफ उभाच्या उभा गेला.
राजाची छावणी डोंगरापलीकडून पुढे सरकली,
तिनं उरलंसुरलं नेलं.
आम्ही जगलो गुरेझाच्या दुधावर.
काळीपांढरी होती, देवदारावरच्या त्या लांबशेपट्या माकडासारखी,
म्हणून त्याचंच नाव.
डाव्या बरगडीवर बाभळीचा काटा खोल गेला होता तिला.
मी राख भरली, लोणी चोळलं.
जखम मिटली, पण तिथली कातडी पातळच राहिली,
उजेडात धरली तर बोट दिसावं इतकी.

ती मेली तेव्हा मोठा उपास चालू होता.
मांस शेजाऱ्यांनीही घेतलं नाही.
कातडं तेवढं टोपलीत घातलं.
दोर करकरला.
कातड्याला कोण विचारतो नर का मादी?
गेली वर,
आमच्यातली पहिली.

ऐकून आहे मी, काय करतात ते.
भिजवतात, चौकटीत ताणतात,
केस जाईपर्यंत, वास जाईपर्यंत खरवडतात.
काजळीची शाई. संतांच्या नावाला तांबडी.
अक्षर एक, पण स्वरागणिक त्याचे सात चेहरे;
सात भावंडांचं घर.
सर्झाला भाऊ नव्हता, बहीण नव्हती.

बावीस वर्षांनी, पाण्याच्या सणाला,
छत्र्या आणि ढोलांमागून पोथी खाली आली,
तान्ह्या मुलासारखी कापडात गुंडाळून.
लिहिणारे येत नाहीत. पोथी येते.
म्हाताऱ्या साधूनं उघडली, बोटानं दाखवत गेला:
ही दक्षिणेची राणी, हा तिचा मुलगा,
हे अक्सूमचे उभे दगड, हा राजा, त्याचा राजा, त्याचाही राजा.
लोक वाकून कपाळ टेकत होते.
वाऱ्यानं पान उलटलं.

भोक होतं.
बोराच्या बीएवढं, डाव्या अंगाला.
अक्षरं त्याला वळसा घालून गेली होती,
खड्ड्याकडेनं शेळ्या जातात तशी;
शब्द अलीकडे सुरू झालेला, पलीकडे पुरा.
भोकातून मागच्या पानाचं एक तांबडं अक्षर बघत होतं.
आणि काठाला टाके:
दोन उलटे, एक सरळ.
फाटकं घोंगडं सात वर्षांच्या पोराला शिवायला शिकवताना
मी सांगितले होते तसे.

मी विचारलं, इथं काय लिहिलंय?
साधू म्हणाला, राजानं कुठला मुलूख जिंकला,
किती गुरं आणली, त्याचा आकडा.
टोळांचं?
ते नाही.
आणि हे?
तो म्हणाला, हा कातड्यातला दोष.
मी म्हटलं, हो.

पोथी संध्याकाळी वर गेली.
मी मिठाची वीट डोक्यावर घेऊन घरी आले, करडं भुकेली होती.

दुसऱ्या दिवशी कळप
बाभळीच्या रानातून नेला.
मुद्दाम नेला असं नाही म्हणणार.
वाट जवळची होती
थोडी.